ग्रास कटर गरम झाला की बंद पडतो: कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी

थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला चालू होतो. स्लोला गोड चालतो. रेस देऊन पातं गवतात घातलं की गुदमरतो. दहा-पंधरा मिनिटं कशीबशी जातात, मग आवाज बारीक होत होत बंद. लगेच दोरी मारली तर ढिम्म. बांधावर बसून चहा झाला की पुन्हा पहिल्यासारखा चालू.

सिंधुदुर्गात श्रावण-भाद्रपदात ज्याच्या खांद्याला ग्रास कटर आहे त्याने हे एकदा तरी अनुभवलं असेल. काजूची नि कलमांची बेणणी (खालचं गवत-रान साफ करणं) आता कोयत्याने फारशी कोणी करत नाही. गडी मिळत नाहीत, आणि मिळाले तरी आधी विचारतात, "मशीन आसा मा?" (मशीन आहे ना?) मी मेकॅनिक नाही. माझी बाग आहे, दोन टू-स्ट्रोक कटर आहेत, आणि एकदा शेजाऱ्याचं मशीन चालू करून दिलं म्हणून दर मोसमात वाडीतली आठ-दहा मशीन माझ्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, येऊन पडतात. तक्रार बहुतेक वेळा हीच. आणि माझ्याकडे येण्याआधी प्रत्येक मशीनवर कोणीतरी एक प्रयोग केलेला असतो: कार्ब्युरेटरचा (पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवलेला असतो.

तो स्क्रू सगळ्यात शेवटी. कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी किंवा चेंबर नसतो. पिस्टन, रिंग, बेअरिंग या सगळ्यांना मिळणारं तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच येतं. म्हणून पेट्रोल कमी पोचलं की दोन गोष्टी एकदम होतात. हवा जास्त नि पेट्रोल कमी झाल्याने इंजिन नेहमीपेक्षा तापतं, आणि तेलाची सगळ्यात जास्त गरज असताना तेलही कमी मिळतं. असं मशीन बंद पडलं तर आपलं नशीब चांगलं समजायचं. बंद न पडता चालत राहिलं तर पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. मूळ अडथळा तसाच ठेवून स्क्रूने वरवर जुळवून घेतलेलं मशीन नेमकं असंच चालत राहतं.

लक्षणं

नुसतं "बंद पडतो" म्हणून काही कळत नाही. कसा बंद पडतो ते दोन मिनिटं उभं राहून ऐका.

स्लोला ठीक, पण फुल रेसला गुदमरतो: पेट्रोल पोचतंय, पण पुरेसं नाही. किंवा धूर बाहेर पडायला वाट नाही.

चांगला चालता चालता बंद, नि थांबून परत चालू: टाकीचं झाकण, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) किंवा नुसता उष्मा.

अर्धा चोक ओढला तरच चालतो: हा प्रकार मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो, कारण लोक तसाच अर्ध्या चोकवर दिवसभर काम करतात. मशीन सांगत असतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि आपण चोक ओढून त्याचं तोंड बंद करतो.

रेस सोडली तरी आवाज खाली येत नाही, वरखाली होतो, पातं फिरतच राहतं: कुठून तरी जादा हवा आत जातेय. हे दिसलं की मशीन लगेच बंद करा, चोक पूर्ण ओढून बंद करावं लागलं तरी. एका बाजूला पिस्टनची भीती, दुसऱ्या बाजूला पायाची.

आणि धूर फार, सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकतं, ताकद नाही: तेल जास्त, चुकीचं तेल, किंवा कार्बन साठलाय.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक पारदर्शक बाटली, जुना टूथब्रश. पात्याजवळ हात न्यायचा असेल तेव्हा प्लगची टोपी काढून ठेवायचीच. आणि सायलेन्सर गरम असताना टाकी उघडायची नाही, विडी पेटलेली असताना तर मुळीच नाही.

टाकीतलं पेट्रोल

फुकटातली तपासणी, आणि माझ्या अनुभवात निम्मी मशीन इथेच सुटतात.

टाकीतलं सगळं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओता आणि दहा मिनिटं हलवू नका. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलला रंग असतो. कोणाचा निळा, कोणाचा हिरवा, कोणाचा लाल. बाटलीत वरपासून खालपर्यंत एकच रंग दिसला तर ठीक. तळाला वेगळा, गढूळ किंवा बिनरंगी थर दिसला तर बिघाड सापडला. २०२५ पासून पंपावर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये (ई-२०) २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला दमट ओलावा ओढून घेतं. कोकणात पावसाळ्यात मांगरात अर्धी रिकामी ठेवलेली टाकी म्हणजे त्याला आमंत्रणच. ओलावा एका मर्यादेपुढे गेला की इथेनॉल नि पाणी मिळून तळाला बसतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळालाच टेकलेला असतो, म्हणजे इंजिन पहिल्यांदा तेच पितं. या थरात टू-टी ऑइल नीट मिसळत नाही. मशीन गुदमरतं हे दिसतं. त्याच वेळी ते बिनतेलाचं चालतंय हे दिसत नाही.

दुसरी परीक्षा कागदाची. टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब कोऱ्या कागदावर टाका आणि उडून जाऊ द्या. तेलाचा डाग मागे राहिला पाहिजे. डागच राहिला नाही तर टाकीत निव्वळ पेट्रोल आहे, मशीन चालू करू नका. हे कसं होतं विचाराल तर, मांगरात दोन कॅन असतात, एक स्कूटरचा नि एक कटरचा, आणि सकाळी सातला गड्याने कुठला उचलला ते कोणी बघत नाही. मी आता कटरच्या कॅनला लाल सुतळी बांधून ठेवतो.

तेलाचं प्रमाण टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच पाळा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. "जरा जास्त तेल घातलं तर इंजिनाला बरं" ही समजूत अर्धीच खरी आहे. जादा तेलाने कार्बन साठतो. शिवाय त्याच भोकातून तेल जास्त गेलं की तेवढं पेट्रोल कमी जातं. अंदाजपंचे झाकणाने मोजू नका. औषधाच्या दुकानात सुई नसलेली मोठी सिरिंज मिळते, ती कॅनला बांधून ठेवा.

तेल कुठलं, हाही आमच्या किनारपट्टीवरचा एक खास घोळ. मच्छीमारांकडे आउटबोर्ड इंजिनाचं ऑइल असतं, टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलं. तेही टू-स्ट्रोकचंच, म्हणून मागून आणून कटरला घालतात. पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. कटर हवेवर थंड होतो, खूप जास्त तापतो. तिथे डब्यावर जासो (JASO) एफसी किंवा एफडी ही प्रत लिहिलेलं टू-टी ऑइल हवं. मोटरसायकलचं फोर-टी ऑइल तर अजिबात नको, ते जळून जाण्यासाठी बनवलेलंच नाही.

मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा. मी एका वेळी दोन लिटरच मिसळतो.

टाकीचं झाकण

पुढच्या वेळी मशीन बंद पडलं की दुसरं काही करू नका, फक्त थोडं थांबून झाकण सैल करा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि मशीन लगेच चालू झालं, तर बिघाड हाच.

टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या एका नळीत बारीक एकतर्फी व्हॉल्व असतो. तो चोंदला की टाकीत हवा कमी कमी होत जाते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल ओढणं जड होतं. दहा-पंधरा मिनिटांनीच बंद पडण्याचं नि थांबल्यावर आपोआप बरं होण्याचं कोडं इथे सुटतं, कारण थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते. लोकांना वाटतं मशीन गार झालं म्हणून चालू झालं.

चोंदतो कशाने? गवताचा भुगा नि तेल यांच्या चिकट्याने. आणि कुंभारमाशीने. दिवाळीनंतर मशीन खुंटीला लागतं ते जूनपर्यंत, तोवर कुंभारमाशी मिळेल त्या भोकात माती भरून घर करते. मी टाकीच्या नळीतून, सायलेन्सरच्या तोंडातून, एकदा तर पोकळ दांड्यातून माती काढली आहे. बारीक तार घालू नका, व्हॉल्वचं रबर फाटतं. झाकण साध्या पेट्रोलमध्ये बुडवून टूथब्रशने घासा आणि तोंडाने नव्हे, पंपाने हवा मारा. नाही जमलं तर नवं झाकण घ्या, महाग नसतं.

एअर फिल्टर, फिन, प्लग

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा, पूर्ण वाळवायचा, दोन थेंब तेल चोळून परत बसवायचा. फिल्टर चोंदल्यावर हवा कमी होते म्हणून मशीन काळा धूर टाकत जड चालतं. कोणी त्यावर उपाय म्हणून स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतं. मग एक दिवस दुसरा कोणी फिल्टर धुतो, हवा मोकळी होते, पेट्रोल मात्र कमीच राहतं. त्या दिवशी पिस्टन जातो आणि दोष फिल्टर धुणाऱ्यावर येतो. फिल्टर काढून काम तर करूच नका. गवताच्या धुळीत माती असते, आणि मातीत रिंगला खाणारी बारीक वाळू.

इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून सिलिंडरच्या फिन (हवा लागून थंड होण्यासाठीच्या पट्ट्या) बघा. ओल्या गवताचा लगदा बसून वाळला की शेणाने सारवल्यासारखा थर होतो. लाकडी काडीने खरवडून काढा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला दुसरा आधार नाही.

प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी चांगला. काळा नि ओला म्हणजे पेट्रोल-तेल जास्त किंवा ठिणगी कमी. पांढरा, भाजल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी. हा रंग दिसला की कारण सापडेपर्यंत मशीन कामाला लावू नका. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. प्लग जुना असेल तर घासत बसू नका, त्याच नंबरचा नवा घाला. दुकानदाराने "हाच चालता" म्हणून दिलेला वेगळ्या नंबरचा प्लग लांबीला जास्त असला तर पिस्टनवर आपटतो.

ठिणगी: गरम असतानाच बघायची

घरी आणून, गार झाल्यावर ठिणगी बघण्यात अर्थ नसतो. कॉइल कमजोर झाली की गार असताना छान ठिणगी देते, तापली की बंद. म्हणून मशीन बागेत बंद पडलं की तिथेच, त्याच मिनिटाला प्लग काढा. (हात भाजतो, फडकं घ्या.) प्लगच्या भोकावर फडक्याची घडी दाबा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग भोकापासून लांब, सिलिंडरला टेकवा आणि दोरी ओढा. सावलीत निळी, करकरीत ठिणगी दिसली पाहिजे.

ठिणगी नसेल तर कॉइलला दोष देण्याआधी बंद करण्याच्या बटणाची वायर बघा. ती हँडलपासून दांड्याला धरून इंजिनापर्यंत येते, घासून घासून तिचं वरचं आवरण जातं आणि तांबं दांड्याला टेकतं. मग बटण न दाबताच मशीन बंद. खांद्यावरून झोका घेताना मध्येच बंद पडणारी मशीन हमखास या वायरची असतात. वायर तात्पुरती सोडवून मशीन चालवून बघा. त्या वेळी बटण चालणार नाही, बंद करायला चोक ओढावा लागेल, हे आधीच डोक्यात ठेवा.

वायर ठीक आहे आणि गरम असतानाच ठिणगी जाते, तर कॉइल बदलायची. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हील नि कॉइल यांत ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवतात. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळला की काम होतं. एवढं घरी जमतं. फ्लायव्हील काढायची वेळ आली तर थांबा. त्याला पुलर लागतो, आणि हातोडी मारून काढलेल्या फ्लायव्हीलचं पुढे काय होतं ते मी बघितलं आहे. माझ्याच मशीनवर.

पेट्रोलची नळी नि फिल्टर

कार्ब्युरेटरखालचा रबरी बल्ब दहा-बारा वेळा दाबा. सुरुवातीला बुडबुडे दिसतील, मग निव्वळ पेट्रोल यायला हवं. बुडबुडे थांबतच नसतील तर ओढणारी नळी कुठेतरी चिरली आहे. बहुतेक वेळा टाकीत शिरते तिथल्या रबराजवळ. नखाने दाबून बघा. नळी कडक, पिवळी झाली असेल तर दोन्ही नळ्या बदला. उंदरानेही हे काम केलेलं असू शकतं.

टाकीतला फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर ओढा. पांढरा असायला हवा तो तपकिरी, चिकट झाला असेल तर नवा. धुतलेला फिल्टर दोन दिवस चालतो. फिल्टर न लावता चालवण्याची कल्पना कोणी दिली तर त्याला मशीन द्या नि नवं तुम्ही घ्या.

सायलेन्सर

स्लोला छान पण फुल रेसला ताकद नाही, आणि वरचं सगळं ठीक, तर सायलेन्सर उघडा. तोंडाशी बारीक जाळी असते, ठिणग्या अडवायला. वाळल्या गवतात काम करताना ती हवीच, म्हणून फेकून देऊ नका. ती कार्बनने पूर्ण बंद झालेली मी कित्येकदा बघितली आहे. इंजिनाला श्वास सोडता येत नसेल तर नवा घेणार कसा? जाळी काढून गॅसच्या ज्योतीवर लाल करा, गार झाल्यावर ब्रश मारा.

मग सायलेन्सरच सिलिंडरवरून काढा. धूर बाहेर येतो त्या तोंडातही कार्बन जमतो. दोरी हळू ओढून पिस्टन वर आणा, म्हणजे ते तोंड पिस्टनने झाकलं जाईल आणि कचरा आत पडणार नाही. लाकडी काडीने किंवा बांबूच्या कामटीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हर नको, पिस्टनला ओरखडा पडतो.

आणि आता आलाच आहात तर टॉर्च लावून पिस्टन बघा. ही सगळ्या तपासण्यांतली सगळ्यात मोलाची नजर आहे, फुकट आहे, आणि फारसं कोणी करत नाही. पिस्टनची बाजू साफ, किंचित तेलकट दिसली तर पुढे चला. उभे ओरखडे, ॲल्युमिनियम फासल्यासारखे चट्टे दिसले तर मशीन एकदा पकडून सुटलं आहे. इथेच थांबायचं. पुढची कुठलीही जुळवाजुळव व्यर्थ, उलट उरलेला सिलिंडरही जाईल.

एका शेजाऱ्याचं मशीन मी असंच ओरखडे दिसत असताना "बघूया तरी" म्हणून कार्ब्युरेटर साफ करून चालू करून दिलं होतं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला नाही, सरळ नवा ब्लॉक-पिस्टन घालून आणला. त्याच्या खर्चातला अर्धा माझ्या अंगावर होता असं मी अजून मानतो.

कार्ब्युरेटर

मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो. कटर आडवा-उभा कसाही धरला जातो, म्हणून बहुतेक कटरमध्ये फ्लोटऐवजी दोन पातळ पडदे असतात. एक पडदा पंपासारखा पेट्रोल ओढतो. त्याला हलवायचं काम इंजिनाच्या चेंबरमधला दाब एका बारीक भोकातून करतो. दुसरा पडदा सुई उघडझाप करून किती पेट्रोल आत सोडायचं ते ठरवतो. हे पडदे इथेनॉलने नि वयाने कडक होतात. कडक पडदा स्लोला लागणारं थोडं पेट्रोल पुरवतो, फुल रेसचं पुरवू शकत नाही. आपल्या तक्रारीशी हे किती जुळतं बघा.

उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या. पडदा आधी की गॅस्केट आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना सारखा नसतो, आणि उलटा बसला की नवं किट घालूनही मशीन चालत नाही. मग माणूस म्हणतो किटच खराब. पडदा बोटावर ठेवून बघा. रेशमासारखा लवचीक हवा, एक्स-रेच्या फिल्मसारखा कडकड वाजला तर गेला. आतली चाळणीसारखी बारीक जाळी साफ करा. भोकांत तार घालू नका, कार्ब क्लीनर नि हवा पुरे. डोळ्यांवर चष्मा असू द्या, तो फवारा उलटा डोळ्यात येतो.

किटमध्ये पडदे, गॅस्केट, सुई असं सगळं असतं. सगळंच बदला. सुईखालची छोटी पट्टी मात्र वाकवू नका, तिच्या उंचीवर सगळं अवलंबून असतं.

परत बसवताना कार्ब्युरेटर नि सिलिंडर यांच्यामधला काळा ठोकळा दोन्ही बाजूंनी बघा. केसाएवढी चीर असली तरी तिथून हवा आत जाते, नि पडदा हलवणारा दाबही निसटतो. शंका असेल तर मशीन स्लोला चालू ठेवून सिरिंजने त्या सांध्यावर थोडं साधं पाणी सोडा. आवाज बदलला तर गळती तिथे. गरम फिनवर पाणी पडू देऊ नका.

आता स्क्रू

वरचं सगळं झाल्यावर पुष्कळदा इथे यायची गरजच राहत नाही. पण आधी कोणी स्क्रू फिरवलेले असतील तर परत जागेवर आणावे लागतात. काही मशीनचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने फिरत नाहीत किंवा त्यांना टोप्या असतात. त्या तोडू नका, सर्व्हिसवाल्याकडे द्या.

एल म्हणजे स्लोचं पेट्रोल, एच म्हणजे फुल रेसचं. आवळला की पेट्रोल कमी, सोडला की जास्त. तिसरा स्क्रू फक्त स्लोचा वेग धरतो. एल नि एच दोन्ही हलक्या हाताने पूर्ण बंद करा (जोराने आवळलात तर टोकाची जागा बिघडते) आणि पुस्तिकेत असतील तेवढे फेरे उघडा. पुस्तिका हरवली असेल तर एक ते दीड फेरा ही सुरुवात बहुतेक ठिकाणी चालते. फिल्टर साफ, टाकी अर्धी भरलेली, मशीन चार-पाच मिनिटं गरम झालेलं. मगच पुढे.

एल हळू आवळत जा. आवाज चढेल आणि एका जागेनंतर अडखळेल. सगळ्यात चढ्या जागेपासून पाव फेरा उलटा सोडा. झटकन रेस देऊन बघा, न अडखळता उचललं पाहिजे. मग वेगाचा स्क्रू असा ठेवा की स्लोला पातं थांबलेलं राहील.

एच कानाने लावायचा असतो, आणि तो हवेत नाही तर गवतात. फुल रेस देऊन क्षणभर ऐका. स्क्रू थोडा जास्त उघडा असेल तर आवाज तुटक, फरफरल्यासारखा येतो. तीच सुरक्षित बाजू. आता पातं गवतात घाला. भार आल्यावर ती फरफर जाऊन आवाज साफ झाला तर स्क्रू बरोबर जागी आहे. गवतातही फरफरत राहिलं तर अगदी थोडा, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा, आवळा. हवेत फुल रेसला आवाज शिट्टीसारखा गोड, चढा येत असेल तर खूश होऊ नका, पेट्रोल कमी आहे, लगेच सोडा. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणजे ई-२० वर त्याच स्क्रूच्या जागी मिश्रण पूर्वीपेक्षा किंचित कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असल्यासारखं, पडतं. जुन्या मशीनचा एच मी त्यामुळे पूर्वीपेक्षा थोडा उघडाच ठेवतो. थोडा धूर जास्त, चालतं.

इथून पुढे मेकॅनिक

दोरी ओढताना ठोका लागत नाही, सैल फिरते: कॉम्प्रेशन गेलं. मीटर असेल तर १०० पीएसआयच्या खाली गेलेल्या मशीनवर मी वेळ घालवत नाही. पिस्टनवर ओरखडे, हे वर सांगितलं. ठोकळा, गॅस्केट नवे घालूनही स्लोचा आवाज वरखाली होतो: क्रँकचं ऑइल सील गेलं असणार, ते बंद इंजिनाला हवेचा दाब देऊन तपासतात आणि बसवायला पूर्ण इंजिन खोलावं लागतं. आतून धातूचा खडखडाट, म्हणजे बेअरिंग. टाकीला चीर असेल तर एम-सील लावून काम चालवू नका, खाली तापलेला सायलेन्सर आहे. आणि मशीन वॉरंटीत असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधीच द्या.

देताना तीन गोष्टी सोबत न्या: टाकीतलं पेट्रोल बाटलीत, वापरलेल्या तेलाचा डबा, आणि शेवटी मशीनमध्ये होता तो प्लग. प्लग पुसू नका. आमच्याकडे मशीन न्यायचं म्हटलं की ते आधी धुऊन-पुसून चकचकीत करतात, प्लगसुद्धा पॉलिश पेपरने घासून नेतात, आणि मेकॅनिकला जे बघायचं असतं ते नेमकं तिथेच निघून जातं.